पेन्शनवाल्याचा शब्द

मी वर्गात पोरांकडून पाढे म्हणून घेत होते. मिठागरावरचा गाडीवाला टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला तेव्हाच मी ओळखलं. उत्तनहून आमच्या घरचा निरोप आणताना हा माणूस कधी टोपी काढत नसे. पास्कूमामा गेला होता. त्याला आता सहा महिने झाले. तरी भाईंदरच्या शाळेतून शनिवारी घरी जाताना अजून वाटतं, ओटीवर मामा बसलेला असेल आणि कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहून काहीतरी विचारत असेल...

कारण आमच्या घरात सगळं मामालाच विचारलं जायचं. मामा आईचा थोरला भाऊ. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. मुंबईच्या बंदरात सरकारी लाँचवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, आणि नोकरी संपल्यावर पेन्शन घेऊन आमच्याकडे राहायला आला. बाबा दुसऱ्याच्या होडीवर जायचे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढल्या की घरात येणारा पैसा म्हणजे तेवढं पेन्शन. मग काय! कौलं कधी चाळायची, कुणाच्या लग्नाला किती जणांनी जायचं, सगळ्यात मामाचा शब्द शेवटचा. त्याला साधी शिंक आली तरी आई काढा उकळायला घ्यायची. शेजारी चिडवायचे, "पास्कू, तुला सर्दी झाली की अख्खं घर खोकतंय." मामा खूश व्हायचा. मान त्याला आवडायचा, खोटं कशाला बोलू?

मी सातवी पास झाले त्या वर्षी बाबांनी स्वतःची होडी बांधायचं मनावर घेतलं. सुतार ठरला. पैसे मामाच्या पेन्शनमधून दहा वर्षं फेडत राहायचे, असा बेत. त्याच सुमारास शाळेतल्या सिस्टर घरी येऊन सांगून गेल्या, की पोरीला मुंबईला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवा. दोन्ही खर्च झेपणारे नव्हते. होडी की मी, एवढाच प्रश्न होता.

मामा बाबांना म्हणाला, "धा वरसं मी ऱ्हानार हाय काय?"

"तू गेलास तरी तुजा वाटा येल की," बाबा म्हणाले. आमच्याकडे होडीवरचा माणूस गेला तर हंगाम संपेपर्यंत त्याचा वाटा त्याच्या घरी पोचवतात. बाबांनी पेन्शनही तसंच धरलं होतं. वर म्हणाले, "आनि सरकारचा हंगाम कवा संपतोय?"

मामा हसला नाही. "इनास, माजं पेन्शन माज्यासंगं मातीत जानार हाय. होडी न्हाय बांधायची. पोरगी जाईल ट्रेनिंगला. तिचा पगार मी मेल्यावं पन येल."

बाबांचा चेहरा उतरला. पण पेन्शनवाल्याचा शब्द म्हणून त्यांनी सुताराला नको सांगितलं. कितीतरी दिवस ते मामाशी नीट बोलले नाहीत. पण मी निघाले तेव्हा माझी ट्रंक भाईंदरपर्यंत त्यांनीच डोक्यावरून नेली.

मामाचं म्हणणं खरं झालं. तो गेला तसं पेन्शन थांबलं, आणि यंदाचा पावसाळा माझ्या पगारावर निभावला. परवाच्या शनिवारी मी ओटीवर टेकले, तर बाबा समोर येऊन उभे राहिले. "रेजिनाची सातवी व्हईल आता. तिचं काय करायचं, तू सांग." मामाशी बोलायचे तोच आवाज! क्षणभर मलाही ते गोड वाटलं. ट्रेनिंगला पाठवा, हे शब्द अगदी जिभेवर आले होते...

आणि मी थांबले. माझं आयुष्य मामानं उभं केलं. त्याची आठवण आली की अजून रडू येतं. पण त्या दिवशी मला काय हवंय, हे त्यानंही मला विचारलं नव्हतं. ज्याचा पैसा त्याचा शब्द, एवढंच आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाबा, तिलाच विचारा ना."

बाबा गोंधळले. माझी धाकटी बहीण रेजिना कोपऱ्यात बोंबील साफ करत बसली होती. ते तिच्याकडे असे वळले, जणू ती परक्या घरातली पोर.

हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "मला मास्तरीण न्हाय व्हायचं. नर्स व्हायचंय."

बाबा पुन्हा माझ्याकडे बघू लागले. मी रेजिनाकडे बोट दाखवलं.

"मंग नर्स," आई आतून म्हणाली. तिला तर आजवर कुणीच काही विचारलं नव्हतं.