दोन मामा आणि रिकामा संच

मुलीच्या लग्नाची तारीख मी गणिताने काढली आणि तिच्या एका मामाला लग्नातून वजा केलं.

लढाई नुकती संपली होती. मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचो, आणि त्या नाताळात सांगलीला एका प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकून संचांचं नवं शास्त्र डोक्यात भरून आलो होतो. नीट ठरवलेला गट म्हणजे संच. दोन संचांत मिळून जे जे आहे ते सगळं म्हणजे संयोग. दोन्हींत समान असेल तेवढंच म्हणजे छेद. एवढंच कळलं असल्यामुळे ते मी सगळ्यांना समजावत असे. दूधवाल्यालाही. त्याने रतीब बंद केला तो याच कारणाने, हे मी आजही मानत नाही.

लग्न मे महिन्यात करायचं होतं. बायकोचं माहेर वडूजकडचं, दोन्ही भाऊ पलटणीत. थोरल्याची रजा एक ते पंधरा, धाकट्याची बारापासून महिनाअखेर. पंचांगात मुहूर्त चार: पाच, नऊ, अठरा, बावीस. नवरीच्या पाठीशी उभा राहायला मामा लागतो. पण एक लागतो, असा मी विचार केला. दोन्ही रजांचा संयोग केला. चारही मुहूर्त त्यात आले. मग नऊ तारीख धरली, व्याह्यांना कार्ड टाकलं आणि कागद बायकोला दाखवायला गेलो. शाबासकी हवी होती.

"आन् धाकटा?" तिने विचारलं.

"तो बाराला सुटतो. पण मामा एक असला की शास्त्र—"

"आवं, पाच वरसं झाली. एक आला की दुसरा गेलेला असतोय. दोघांस्नी एका जागी बघितलं न्हाई मी. पोरीच्या लग्नात बी न्हाई बघायचं?"

मग पुन्हा कागद घेतला आणि या खेपेला छेद काढला. दोघांच्या रजेतले समान दिवस बारा ते पंधरा. त्यात मुहूर्त किती? एकही नाही.

"सापडला!" मी म्हणालो. आवाजात आनंद होता, हे कबूल करतो. व्याख्यानातली सगळ्यात अवघड गोष्ट माझ्या घरात निघाली होती. "याला रिक्त संच म्हणतात."

"म्हंजे?"

"संच आहे, पण आत कोणी नाही."

"मांडव हाय, आन् माणसं न्हाईत?"

"अगदी तसंच. पण ती चूक नव्हे बरं का. गणितात त्याला मोठा मान आहे."

"असंल. तुमी बसा त्येच्यापाशी," असं म्हणून तिने पदर सारखा केला आणि भटजींच्या घरी गेली. अर्ध्या तासात परत आली.

"तेरा तारीख. गोरज."

मी पंचांग उघडलं. तेराला काही नव्हतं. भटजींनी काढीव मुहूर्त दिला होता. पंचांगात नसेल आणि माणूस अडला असेल, तर मुहूर्त काढून देतात, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. रिक्त संचात भटजींना विचारून एक घटक घालता येतो, हे प्राध्यापकांना ठाऊक नसावं. मला तर नव्हतंच.

व्याह्यांना दुसरं कार्ड टाकलं. ते पेन्शनीत निघालेले सुभेदार. उलट टपाली उत्तर आलं, "पंचांग हलतं, रजा हलत नाही. तेरा मान्य."

तेराला दोन्ही मामा नवरीच्या पाठीशी उभे राहिले. जागा एकाची होती, त्यामुळे अक्षता संपेपर्यंत दोघं एकमेकांना खांद्याने ढकलत होते. मग एका पंगतीला शेजारीशेजारी बसले, आणि बायको वाढायचं सोडून खांबाला टेकून बघत राहिली. तिच्या हातची बुंदीची परात मी घेतली आणि तीन पंगती वाढल्या.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी सहज विचारलं, "कसं झालं लग्न?"

"लय चांगलं झालं," ती म्हणाली. "तुमी कुटं हुता? दिसला न्हाईसा मला."