सोंगट्या खेळणारी बाई

देवळाच्या भिंतीवरच्या जुन्या चित्रात एक बाई सोंगट्या खेळतेय. समोरचा जोडीदार ओलीने पुसून गेलाय. उरलेल्या रेषांवरून कॉम्प्युटरने त्याला स्क्रीनवर अलगद आणून बसवलं. पण चित्रं दुरुस्त करणाऱ्या आम्हा लोकांचा नियम असा, की गेलेलं अंदाजाने रंगवायचं नाही. साधा गिलावा करून जागा कोरी ठेवायची. मी तेच करत होतो.

दिवा लावायला आलेल्या गुरवीणबाई म्हणाल्या, "मशीनला दिसतोय ना तो? मग काढा की. किती दिवस एकटीनं खेळायचं तिनं?"

मी नियम सांगितला. जरा रागावूनच सांगितला.

घरी जाताना मंडईपाशी फोनमधला बायकोचा जुना निरोप पुन्हा लावला. "येताना कोथिंबीर आणा." तिला जाऊन दोन वर्षं झाली. घरात दोन जुड्या सुकताहेत. मी तिसरी घेतली.