आतोबांच्या परसात धूर

म्हैसुरातले झाडून सगळे डास एका पारड्यात आणि आमचे एकटे आतोबा दुसऱ्या पारड्यात घातले, तर धूर मारणारी माणसं खुशाल डासांच्या बाजूनं कौल देतील. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान. अग्रहारातल्या त्यांच्या घरामागं जेमतेम दोन खाटा मावतील एवढं परस. पण त्याविषयी ते अशा थाटात बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, बंडीपूरचं जंगल यांच्या मोरीपासूनच सुरू होतं. कढीपत्त्यावर शिंजीर घरटं करी, तुळशीमागं एक थोराड बेडूक राही, आणि भिंतीच्या भेगेत डंख नसलेल्या बारीक मधमाश्यांचं पोळं होतं. या मंडळींना आतोबा ‘घरचे’ म्हणत, आम्हांला ‘पाहुणे’. बेडूक तिन्हीसांजेला बाहेर पडतो म्हणून सहानंतर मोरीत गरम पाणी ओतायचं नाही असा घरात कायदा होता, आणि सबंध आयुष्यात कुणाचंही न ऐकलेली माझी आत्या तो पाळी!

त्यांचं वैर डासांशी नव्हतंच, डासांच्या औषधाशी होतं. धुराचं यंत्र खांद्याला लावलेला माणूस गल्लीच्या तोंडाशी फटफटू लागला की आतोबा बनियनवर, छत्री आडवी धरून फाटकात उभे. “अय्यो, सुम्ने उगीच कशाला हो धूर!” इथवर मराठी, समोरच्याला मराठी येत नाही हे ध्यानात आलं की उरलेलं कन्नडात. धुरानं उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मजेत राहतात, आणि फुकट जीव जातो तो माझ्या माश्यांचा, हा त्यांचा मुद्दा. एकदा हा मुद्दा इतका लांबला की यंत्रातलं डिझेल संपलं. मग त्या माणसाला आत नेऊन त्यांनी कॉफी पाजली आणि बेडूक दाखवला. पुढच्या खेपेपासून तो बिचारा त्यांच्या घरासमोर यंत्र बंद करूनच पुढं जाई.

नुसती अडवणूक करणाऱ्यांतले मात्र ते नव्हते. डासांच्या अळ्या खातात म्हणून त्यांनी गप्पी मासे पाळले आणि गावभर वाटत सुटले. नातवाच्या मुंजीत तर त्यांनी कहर केला. निघणाऱ्या प्रत्येकाला तांबूल, नारळ आणि पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत दोन गप्पी. म्हैसूर सिल्कमधल्या बायका एका हातात नारळ नि दुसऱ्या हातात मासे सांभाळत रिक्षा शोधत होत्या. भटजी दचकून म्हणाले, “अहो, मुंजीत मासे?” आतोबा म्हणाले, “खायचे नाहीत, भटजी, ठेवायचे आहेत. खायचं काम ते करतील.”

त्याच वर्षी पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची पाच वर्षांची चिन्नू डेंग्यूनं फणफणली आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. साठलेलं पाणी तपासायला माणसं आली. सगळ्या घरात अळ्या एकाच ठिकाणी सापडल्या: चिन्नूच्या खिडकीतल्या काचेच्या बरणीत. मुंजीतले गप्पी केव्हाच मेले होते, पाणी तसंच राहिलं होतं. आतोबा वाकून बराच वेळ त्या बरणीत बघत राहिले. चिन्नूची आई फक्त एवढंच म्हणाली, “अंकल, आता तरी धूर मारू द्या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आतोबा नजरबादला माझ्या घरी हजर. रिक्षातून बादली उतरवली, वर ताट झाकलेलं, आत बेडूक. “एक रात्र ठेवून घे गं. स्वभावानं गरीब आहे.” शिंजिराचं घरटं तेव्हा रिकामंच होतं. भिंतीतलं पोळं मात्र हलवण्यासारखं नव्हतं. त्यावर त्यांनी ओलं गोणपाट ठोकलं होतं. संध्याकाळी धूरवाला नेहमीसारखा यंत्र बंद करून पुढं जाऊ लागला, तेव्हा आतोबांनीच फाटक उघडून त्याला हाक मारली, “बन्नि, आत या. परसातही मारा.” धुराचा अळ्यांवर काही परिणाम होत नाही, हे त्यांचं म्हणणं त्या दिवशीही खरंच होतं. पण तो विषय त्यांनी काढला नाही, असं आत्यानं मला मागाहून सांगितलं.

सकाळी मी बेडूक पोचवायला गेले तेव्हा आतोबा स्वयंपाकघरात पाटावर बसून होते. परसात जायला तयार नव्हते. “तूच बघून ये,” म्हणाले. गोणपाट जागच्या जागी होतं, पण धुराला भिंतीत दुसरी फट सापडली होती. खाली नाचणी सांडावी तशा माश्या पडल्या होत्या. मला रडू आलं. केरसुणी घेऊन मी सगळं स्वच्छ झाडून काढलं, आत आले आणि सांगितलं, “थोड्या गेल्या, आतोबा. फार नाही.”

त्यांनी माझ्या हातातल्या केरसुणीकडे पाहिलं.

“झाडलंस ते बरं केलंस,” ते म्हणाले. “उद्या चिन्नूला घरी सोडतायत. आली की आधी त्या माश्यांपाशी जाऊन बसते ती.”