वाहून जाण्यासाठी येणारं पाणी

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही आखातात, अल ऐनला एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या भागात घरमालकीण, तिचा मुलगा, सून आणि लहान नातू. हज करून आलेल्या म्हाताऱ्या मालकिणीला सगळे हज्जा म्हणत, म्हणून आम्हीही. वाळवंटातली कोरडी हवा, त्यात दिवसभर सेंट्रल एसी, त्यामुळे नातवाच्या नाकातून वरचेवर रक्त यायचं. मुलाने परदेशातून ह्युमिडिफायर मागवून एसीच्या डक्टला बसवून घेतला. घरभर हवा थोडी दमट राहू लागली, रक्त थांबलं. हज्जा त्या यंत्राला दुवा द्यायची.

एकदा मागे कपडे वाळत घालताना माझी चप्पल चिखलात रुतली. अल ऐनमध्ये चिखल मी तोवर पाहिला नव्हता. भिंतीतून आलेल्या पाइपातून स्वच्छ पाणी गटाराच्या जाळीवर पडत होतं आणि जाळी तुंबली होती. मी खाली बादली लावली. एक चादर पिळून दोरीवर टाकेपर्यंत ती भरून वाहू लागली.

माझा नवरा एसी मेंटेनन्समध्ये इंजिनिअर होता. संध्याकाळी मी त्याला लीकेज दाखवलं, तर तो म्हणाला, हे लीकेज नाही. आत जाळीदार पॅड असतं, त्यावर पाणी सोडतात. थोडं हवेत जातं, बाकीचं क्षार धुऊन बाहेर पडतं. मी सुन्नच झाले. समुद्राचं पाणी गोडं करून इतक्या लांब आणायचं, ते बहुतेक गटारात सोडायला?

आमचं बोलणं ऐकून हज्जा आली. तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. यंत्र बिघडलेलं नाही, ते असंच चालतं, हे तिला आधी पटेना. मग तिने पाइपाखाली ओंजळ धरून पाणी चाखलं आणि तिथेच पायरीवर बसली.

"मीठा पानी है," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, तिच्या वडिलांची खजुराची बाग फलजवर होती, डोंगरातून खणून आणलेल्या पाटावर. पाण्याची एक पाळी चुकली, एवढ्यावरून वडील आणि काका मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

"खलास. मशीन बंद करो."

मुलाला कडेवर घेऊन सून दारात उभी होती. ती नुसतीच त्याच्या नाकाकडे बघत राहिली.

नवऱ्याने जरा थांबायला सांगून पॅनल उघडलं, आणि आता धक्का बसायची पाळी त्याची होती. एसीचा पंखा बंद होता, तरी पाणी चालूच. पंख्याबरोबर बंद व्हायला हवा तो व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. किती महिने, कोण जाणे.

शुक्रवारी त्याने व्हॉल्व्ह बदलला, पाण्याची धार बारीक केली आणि पाइप अंगणातल्या खजुरांकडे वळवला. हज्जाला तेवढंही सोसेना. "यल्ला, और कम करो," ती रोज म्हणायची. आणखी कमी केलं तर क्षार साचतील, हे नवऱ्याचं म्हणणं तिला बहाणा वाटायचं. शेवटी सुनेने पॅड काढून तिच्या हातात दिलं. त्यावर पांढरी, खरखरीत पुटं चढली होती. हज्जाने ती नखाने खरवडून पाहिली, पॅड सुनेला परत दिलं आणि क्षार विरघळवणाऱ्या व्हिनेगरची बाटली आणायला आत गेली.