शिरगाव ते कॅम्प तीन, एका लाल खुणेपायी

सकाळी नऊला शिरगावातल्या आमच्या इमारतीखालून मोटरसायकल धक्का मारून सुरू केली. किक मारायची हिंमत नव्हती. महिन्यापूर्वी त्याच किकने उलटा फटका देऊन दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, घोटा सुजवला होता. "माझ्याच पायात दम राहिला नाही," म्हणत त्याने तीस वर्षांची गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. दोष पायाचा नव्हता, टायमिंगचा (ठिणगी पडण्याच्या वेळेचा) होता. हे मला ठाऊक होतं, आणि का बिघडलं तेही.

अंबरनाथपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा पुलाच्या चढावर, मागे रिक्षांचे हॉर्न. तिथल्या मेकॅनिकने इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं कव्हर उघडलं.

"हे लाल निशाण कंपनीचं का, काका?"

"पहिल्यापासून आहे."

त्याने आतली प्लेट त्या खुणेला जुळवली, "टायमिंग ओके, कार्बोरेटरचा लोचा आहे," म्हणून तासभर कार्बोरेटर धुतला. मग स्वतः किक मारली आणि पिंढरी धरून बसला. "उल्हासनगरला न्या. तीन नंबर कॅम्पला एक सिंधी काका आहेत. मला परत दाखवू नका."

कॅम्प तीनच्या गल्लीत जीन्सचे गठ्ठे उतरवणारा टेम्पो आडवा उभा. ऊन डोक्यावर. गाडी ढकलत मी दुकानाशी पोहोचलो, तर काका दाल पकवान (डाळ आणि कडक तळलेली पुरी) खात होते.

"साईं, पहले खा लो. गाडी कुठे पळून नाय जात."

मी एक पुरी संपवली. खाणं आटपून त्यांनी मला गाडी धक्क्याने सुरू करायला लावली आणि चालू इंजिनवर ठिणगीसरशी लुकलुकणारा दिवा धरला. लाल खूण अगदी जागेवर दिसली.

"निशाण बरोबर, गाडी गलत. निशाण किसने बनाया?"

"मी," मी म्हणालो. "व्हिडिओ बघून साफ करायला उघडली. गंज समजून पॉलिश पेपरने घासलं, त्यात जुनी खूण गेली. बायकोच्या नेलपॉलिशने अंदाजे नवी केली. सकाळी अंबरनाथच्या मेकॅनिकलाही खरं सांगितलं नाही."

"और सबको बोला पहिल्यापासून आहे?"

मी होकारार्थी मान हलवली.

"सकाळी बोलला असता तर दहा मिनिटांचं काम होतं," ते म्हणाले. प्लग काढून, आत सळई घालून त्यांनी पिस्टन कुठवर येतो ते मोजलं, नवी खूण कोरली, प्लेट फिरवली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

शिरगावला परतलो तेव्हा दादा गॅलरीत पाय स्टुलावर ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

त्याने स्टुलावरचा पाय खाली घेतला. "महिनाभर मी जिन्याचा कठडा धरून चढतोय, गाढवा. घोट्याची सूज तर कधीच उतरलीय."

मग चावीसाठी हात पुढे केला. जिना उतरताना त्याने कठडा धरला नाही. मागोमाग उतरताना वाटलं, दोन शहरं पालथी घालून एका अनोळखी माणसाला जे सांगितलं, ते याच जिन्यात महिन्यापूर्वी सांगता आलं असतं. खालून किकचा आवाज आला, आणि गाडी सुरू झाली.