पाठ नसलेली माणसं

ऐरोलीच्या ज्या कंपनीत मी सात वर्षं काढली ती मोबाइलवरचे गेम बनवायची. मी गेम बनवत नव्हते, खेळतही नव्हते. आर्टिस्ट लोक कॉम्प्युटरवर जी माणसं, झाडं, घरं, भांडीकुंडी तयार करत, ती फोनमध्ये मावतील इतकी हलकी करणं हे माझं काम. त्यासाठीचा प्रोग्राम मीच लिहिला होता आणि सांभाळतही मीच होते. आर्टिस्टनं फाइल एका फोल्डरमध्ये टाकली की प्रोग्राम ती उचलायचा, तपासायचा, छाटायचा आणि पुढे गेममध्ये पाठवून द्यायचा. ह्या सगळ्याला आम्ही पाइपलाइन म्हणायचो. आईनं खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत सांगून ठेवलं होतं की मुलगी पाइपलाइनचं बघते. त्यावरून सेक्रेटरी दोनदा गच्चीवरच्या टाकीबद्दल विचारून गेले. दुसऱ्या वेळी मी वर जाऊन बघून आले. वायसर गेला होता.

हलकं करणं म्हणजे काय ते सांगते. गेममधलं माणूस छोट्या छोट्या त्रिकोणांचं बनलेलं असतं. आर्टिस्टला मोकळं सोडलं तर तो एका माणसाला लाखभर त्रिकोण लावतो. फोनला झेपतात तीन-चार हजार. त्रिकोण कमी केले की नाक बोथट होतं, बोटं एकमेकांना चिकटतात आणि आर्टिस्ट दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.

त्या वर्षी आमच्याकडे एका परदेशी क्लायंटचा गेम होता. जुन्या काळातला बाजार, त्यात दीडशे माणसं. विक्रेते, हमाल, पाणी वाहणारे, नुसतेच फिरणारे. कॅमेरा कायम समोर, त्यामुळे खेळणाऱ्याला सगळे पुढूनच दिसणार. मी म्हटलं, जे दिसणार नाही ते वाहून न्यायचं कशाला? प्रोग्रामला एक नियम शिकवला: कॅमेऱ्याला न दिसणारे त्रिकोण काढून टाक. एका दुपारीत सगळ्या बाजाराच्या पाठी गेल्या. गेमचं वजन निम्म्यावर आलं. मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मग मी सगळ्या आर्टिस्टना मेल पाठवला की ह्यापुढे पाठी बनवण्यात वेळ घालवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. महिन्याभरापूर्वी लागलेले आर्टिस्ट. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावानंच हाक मारायचे, पण त्यांना तशी मारायला कुणाची जीभ रेटेना, म्हणून सगळे काका म्हणायचे.

"मॅडम, माझ्या बाईची पाठ गेली," ते म्हणाले.

"कुठली बाई?"

"भाजीवाली. काल सकाळी होती."

मी त्यांना नियम समजावून सांगितला. कॅमेरा मागे जातच नाही, हे दोनदा सांगितलं.

"कॅमेरा नाही जात, बरोबर आहे," ते म्हणाले. "पण बाईला पाठ असते ना."

"फोनला झेपत नाही, काका."

त्यांनी मान हलवली, "बरं" म्हणाले आणि गेले. मला वाटलं, पटलं.

नंतर एकदा जेवताना त्यांनीच आपली हकिगत सांगितली. ते मूळचे जालन्याकडचे. तुर्भ्याला एमआयडीसीत कपड्यांच्या दुकानातले पुतळे बनवणारा कारखाना होता, तिथे ते बावीस वर्षं साचे करायला होते. मातीत बाई घडवायची, तिचा साचा काढायचा, साच्यातून फायबरच्या दोनशे बाया. मग बाहेरून तयार पुतळे स्वस्तात यायला लागले आणि कारखाना बंद पडला. मुलगी कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. तिच्या शेजारी बसून हेही शिकले. "माती ओली ठेवावी लागत नाही, एवढाच फरक," म्हणाले.

"पुतळ्याची पाठ कोण बघतं, काका?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक पुढून बघतं," ते म्हणाले, "पण ब्लाउज घेतं मागचा गळा बघून. पाठ बिघडली तर मालक आख्खा माल परत पाठवायचा."

आमच्या गेममध्ये ब्लाउज विकायचे नव्हते, असं मी म्हणाले. तेही बरोबर आहे, असं ते म्हणाले.

पुढचे तीन महिने त्यांची एकही तक्रार आली नाही. माझं समजावणं लागू पडलं असं मी धरून चालले. गेमचं वजन मात्र दर आठवड्याला वाढत होतं. प्रोग्राम नीट छाटत होता, तरी वाढत होतं. शेवटी एका शुक्रवारी मी एकेक फाइल तपासायला बसले, आणि सव्वीस माणसं अशी सापडली की ज्यांना प्रोग्रामनं हातच लावला नव्हता. सगळ्यांच्या फाइलचं नाव 'टेस्ट' ह्या शब्दानं सुरू होत होतं. टेस्ट भाजीवाली. टेस्ट हमाल. टेस्ट म्हातारा काठीवाला.

'टेस्ट'नं सुरू होणारी फाइल न छाटता पुढे सोडायची, असं प्रोग्राममध्ये मीच सुरुवातीला लिहिलं होतं. चाचणीपुरतं. नंतर काढायचं राहून गेलं.

मी काकांच्या टेबलापाशी गेले. रागानं गेले.

"काका, हे काय आहे?"

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. "टेस्ट आहे."

"तीन महिने टेस्ट?"

"मॅडम, तुम्हीच लिहिलंय की. टेस्ट असेल तर सोडून द्यायचं. पान नऊ."

प्रोग्राम कसा वापरायचा ह्याची चौदा पानी माहिती मी लिहिली होती. इंग्रजीत. ती कुणी वाचत नाही हे मला माहीत होतं, कारण त्यात असलेलेच प्रश्न मला रोज विचारले जायचे. काकांनी मुलीला शेजारी बसवून सगळी वाचली होती, दोन रविवार लावून. मला भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी आपल्याला एक तरी वाचक आहे हे कळून बरंही वाटलं होतं. मी फक्त राग दाखवला. सोमवारी ही पळवाट बंद होणार, असं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "एक विचारू? कुठून कमी करायचं हे तुमचा प्रोग्राम ठरवतो कशावरून?"

"जिथे उंचसखलपणा कमी, तिथून आधी."

"म्हणून पापण्या जातात," ते म्हणाले. "पापणीला किती उंची असणार?"

मी जागेवर परत आले. ह्या गोष्टीचा मी कधी विचार केला नव्हता. तो शनिवार-रविवार जरा वाईटच गेला.

सोमवारी पळवाट बंद करायच्या आतच क्लायंटचा फोन आला. त्यांना एक कल्पना सुचली होती. खेळणाऱ्यानं बाजार नुसता बघायच्या ऐवजी बाजारातून चालत जायचं. कॅमेरा चहूकडे फिरेल. दहा दिवसांत चालवून दाखवा.

आमच्या प्रोड्युसरनं, म्हणजे गेमचं सगळं वेळापत्रक ज्याच्या गळ्यात होतं त्यानं, मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर बाजार उघडला आणि कॅमेरा पहिल्यांदाच दुकानांच्या मागे नेला. माणसं आतून पोकळ होती. मुखवटा उलटा धरल्यासारखे चेहरे, त्यात डोळ्यांचे दोन गोळे अधांतरी आणि दातांची एक रांग. सव्वाशे माणसं अशी उभी. त्यांच्या मधूनमधून सव्वीस माणसं मात्र अंगाखांद्यानं पुरी. भाजीवालीच्या पदराची पाठीवरची चुणीसुद्धा जागच्या जागी.

"ही कशी काय राहिली?" प्रोड्युसरनं विचारलं.

काका मागच्या खुर्चीत जमिनीकडे बघत होते.

"माझ्या टूलमध्ये एक चूक होती," मी म्हणाले. "त्यातून राहिली."

"बरं झालं," प्रोड्युसर म्हणाला. मग बाकीच्यांच्या पाठी मूळ फाइलमधून परत आणायला त्यानं सांगितलं. मूळ फाइलमध्ये त्या नव्हत्या. पाठ जाणारच आहे म्हटल्यावर बाकीच्या आर्टिस्टनी ती बनवणंच सोडलं होतं, आणि आधी बनवलेल्यांचीही मूळ फाइलमधून काढून टाकली होती. त्यांचं चुकलं नव्हतं. मेल माझा होता, आणि तो एकानं तिथल्या तिथे वाचूनही दाखवला.

त्या संध्याकाळी मी काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि आता कसं करायचं असं विचारलं. त्यांनी खिशातलं पेन काढून कागदावर सहा पाठी काढल्या. बारीक, जाड, वाकलेली, ओझं वाहणारी, पोराची, आणि बसून बसून गोल झालेली. सव्वाशे पाठी करायच्या नाहीत. सहा करायच्या आणि ज्याला जी बसेल ती लावून शिवण लपवायची. कारखान्यात धड आणि हात असेच जोडत, म्हणाले.

पुढचे दोन दिवस ते ऑफिसात लोकांच्या मागे कागद घेऊन उभे राहायचे. वॉचमनच्या मागे, पॅन्ट्रीतल्या मावशींच्या मागे. एचआरच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की हे गृहस्थ ठीक आहेत ना. ठीक आहेत, असं मी लेखी दिलं.

एकदा मला म्हणाले, "मॅडम, जरा उठून पाण्याची बाटली भरून आणा."

मी आणली. ते काढत होते.

"डावा खांदा खाली आहे तुमचा. लॅपटॉपची बॅग त्या खांद्यावर घेता का?"

"हो."

"बदला. म्हातारपणी त्रास होईल." आणि कागदावर खांदा थोडा खाली घेतला.

माझं काम वेगळं होतं. दीडशे माणसं पाठींसकट फोनमध्ये बसवायची तर जास्त छाटायला हवं, आणि काकांना पापण्या, नाकाचा शेंडा, बोटांची टोकं शाबूत हवी होती. दोन दिवस आम्ही ह्यावर भांडलो. मग एक तोड निघाली. आर्टिस्टनं जिथे छाटू नये असं वाटतं तिथे मॉडेलवर लाल रंग लावायचा. तो गेममध्ये दिसत नाही, फक्त प्रोग्रामला दिसतो. लाल असेल तिथे प्रोग्राम हात लावणार नाही, बाकी ठिकाणी खुशाल छाटेल. पहिल्या दिवशी काकांनी भाजीवाली आख्खी लाल करून पाठवली.

"काका, असं नाही चालणार."

"मग किती?"

"दहातला एक हिस्सा."

ते तासभर त्या बाईसमोर बसले. संध्याकाळी फाइल आली. पापण्या, ओठांच्या कडा, उजव्या हाताची तीन बोटं आणि मानेमागची एक छोटी जागा, एवढंच लाल. मी प्रोग्राम चालवला. अडतीसशे त्रिकोणांत बाई उभी राहिली आणि ती तीच बाई होती. मी त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी तिला चहूबाजूंनी फिरवून बघितलं.

"मानेला काय होतं?" मी विचारलं.

"तिथे घाम पुसते ती," ते म्हणाले.

दहाव्या दिवशी बाजार चालवून दाखवला. क्लायंटला बाजारातल्या कारंज्याचं पाणी आवडलं. पाठींबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी थोडी खट्टू झाले. काका खूश होते. "नाव नाही निघालं म्हणजे पाठी नीट बसल्या," म्हणाले.

गेम बाहेर आला, बरा चालला, नंतर लोक तो विसरले. काका आणखी दोन वर्षं होते. ह्या काळात कुणाचीही फाइल लाल रंगावरून अडली की ती आधी त्यांच्याकडे जायची. मग मुलीनं पनवेलला कसलेसे क्लास काढले आणि ते तिला मदत करायला गेले. मीही पुढे दुसरीकडे लागले. तिथलं टूल दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं आहे, मी नुसतं सांभाळते.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी ते पनवेलच्या भाजी मार्केटात भेटले. बरोबर बायको होती. त्यांनी ओळख करून दिली, "ह्या मॅडम. आम्ही दोघं मिळून माणसं हलकी करायचो."

"म्हणजे?" काकूंनी विचारलं.

काकांनी जरा विचार केला. "ऑफिसचं काम होतं," म्हणाले.

काकूंनी मला जेवायला बोलावलं. पुढच्या रविवारी मी गेले. भाकरी होती, ठेचा होता, आणि वांग्याची भाजी इतकी तिखट होती की जेवण होईपर्यंत मला बोलता आलं नाही. काकांनी मला दोनदा पाणी दिलं आणि सगळा वेळ मुलीच्या क्लासबद्दल बोलत राहिले.