स्टँडच्या आधी चष्मा

गंगापूर रोडवरच्या त्या कॅमेरेवाल्याच्या तोंडून कधी ‘नाही’ निघालं नाही. काहीही विचारा, तो आधी फडक्याने काउंटर पुसायचा आणि मग म्हणायचा, “बघू ना, ताई.”

मी तेव्हा पंचावन्नची, म्हणजे अगदीच अल्लड. म्हातारी दिसेन म्हणून चष्म्याच्या वाटेला जात नव्हते. डिजिटल कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर नातीच्या बारशाचे फोटो धूसर दिसले, तर निम्मे मीच पुसून टाकले आणि सुनेला सांगितलं, “कॅमेऱ्याने खाल्ले.” ती रडवेली झाली. मग तिला घेऊन मी दुकानात हजर! जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा हवा, शिवाय स्टँड आणि बॅग.

त्याने उरलेले फोटो पाहिले. लख्ख काउंटर पुन्हा पुसला. सून बॅगा बघायला वळली, तसा स्वतःचा चष्मा काढून माझ्यापुढे ठेवत तो हळूच म्हणाला, “स्टँडच्या आधी हा लावून बघा, ताई.”

लावला. नातीच्या पापण्यासुद्धा दिसल्या. सुनेकडे एक नजर टाकून मी कुजबुजले, “बाकीचे मीच पुसले हो.”

“पुसल्यावर कार्डावर नवीन काही काढलंत?”

“नाही हो.”

“मग बघू ना.”

आठवड्याने त्याने सगळे फोटो सीडीवर दिले. नवा कॅमेरा मात्र विकला नाही. सुनेने विचारलं, “काका, गेले कसे होते हो?”

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “कार्डच खराब होतं.”

सून अजून त्या कार्डाला शिव्या घालते. मीही तिच्या सुरात सूर मिसळते.